सुटायची घंटा

चौथीचं वर्ष आणि इतिहास यांची महाराष्ट्रात पक्की गाठ आहे. तिसरीपर्यंत इतिहास म्हणजे गोष्टी. चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक हातात येतं आणि शिवनेरी, तोरणा, प्रतापगड, आग्र्याहून सुटका... सगळं एकदम जवळचं वाटू लागतं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. आपण राहतो त्या मुलखात आपल्याआधी कोण राहत होतं, काय करत होतं, हा प्रश्न मुलाला पहिल्यांदा पडतो तो याच वयात.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातही चौथीचं वर्ष असंच इतिहासाचं असतं. तिथली मुलं चौथीत आपल्या राज्याचा इतिहास शिकतात आणि त्यातला एक मोठा भाग म्हणजे स्पॅनिश लोकांनी उभारलेली मिशनं. आपल्याकडे किल्ला, तसं तिथे मिशनचं मॉडेल! साखरेच्या चौकोनी ठोकळ्यांच्या भिंती, लाल रंग दिलेल्या शेवयांची कौलं, पुठ्ठ्याचा घंटाघराचा मनोरा. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ही मॉडेलं केली आणि पिढ्यान् पिढ्या आईबापांनी रात्री जागून ती पुरी केली.

वसईजवळच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना हे ठाऊक असायचं कारण म्हणजे त्यांची दोन्ही मुलं फ्रीमाँटला आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचं हे दोन लाखांहून अधिक वस्तीचं शहर. भारतीय कुटुंबं इतकी की कोथिंबीर, कढीपत्ता, अगदी खराटासुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. २०१४ साली बाई पहिल्यांदा तिकडे गेल्या तेव्हा मुलीचा मुलगा चौथीत होता. त्याच्याबरोबर बसून त्यांनी साखरेचे ठोकळे चिकटवले होते. दोनच दिवसांत मॉडेलला मुंग्या लागल्या आणि मिशनवर हल्ला झाला म्हणून घरभर हसू पिकलं होतं.

आता मुलाची मुलगी चौथीत आली. आजी सहा महिन्यांसाठी पुन्हा फ्रीमाँटला. यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. कारण नातीने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं की नाही यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली.

एकवीस मिशनं

मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. चर्च, पाद्रींची राहण्याची जागा, कोठारं, माग, कातडी कमावण्याची जागा, शेतं, गुरांचे कळप... एक अख्खं गावच. पॅसिफिक किनाऱ्यावर रशियन आणि इंग्रज हातपाय पसरतील या धास्तीने स्पेनने १७६९ मध्ये कॅलिफोर्नियात पाऊल रोवलं. सैन्य थोडं, वसाहतीला यायला माणसं थोडी. तेव्हा सोपा मार्ग काढला. तिथल्याच मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करायचं, शेती आणि कारागिरी शिकवायची आणि स्पेनच्या राजाची प्रजा बनवायचं. हे काम फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्रींकडे दिलं. हुनीपेरो सेरा हे त्यांचे पहिले प्रमुख. १७६९ ते १८२३ या काळात दक्षिणेला सान दिएगोपासून उत्तरेला सोनोमापर्यंत २१ मिशनं उभी राहिली.

त्यातलं चौदावं मिशन ११ जून १७९७ रोजी फादर फर्मिन लासुएन यांनी स्थापन केलं. मिशन सॅन होजे. नावामुळे ते सॅन होजे शहरात असेल असं वाटतं, पण ते आहे आजच्या फ्रीमाँटमध्ये. त्या जागेवर आधी ओलोनी लोकांची वस्ती होती. तिचं नाव ओरोयसोम.

ओलोनी लोक ओकच्या फळांचं पीठ करून खात, खाडीतले शिंपले आणि मासे धरत, लव्हाळ्याच्या होड्या आणि झोपड्या बांधत. त्यांनी विणलेल्या टोपल्यांतून पाणीही गळत नसे. मग ते मिशनमध्ये गेले तरी कशाला? कोणी कुतूहलाने गेलं, कोणी मणी, कापड आणि अन्न मिळतं म्हणून. पुढे मिशनच्या गुरांनी रानातलं खाण्याजोगं बी-बियाणं तुडवलं, चरून टाकलं. साथी आल्या. गावं ओस पडली, आणि उरलेल्यांना मिशनशिवाय थारा राहिला नाही. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्याला शोधायला सैनिक जात, आणि पकडून आणल्यावर फटके बसत.

शाळेतल्या बाईंनी मुलांना हे सगळं एकदम सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की, साखरेचं मॉडेल करायचं नाही. जवळच्या मिशनला जाऊन या आणि तिथे राहणाऱ्या माणसाचा एक दिवस कसा जात असेल ते दाखवा. राज्याच्या शिक्षण मंडळाने २०१६ मध्येच इतिहासाच्या नव्या आराखड्यात म्हटलं होतं की, अशा मॉडेलांनी तो काळ कळत नाही आणि मूळ रहिवाशांच्या भावनाही दुखावतात. नातीला थोडी खंतच वाटली. आतेभावाच्या मुंग्यांची गोष्ट ऐकून तिलाही साखरेचं मिशन करायचं होतं!

‘मग शाळा सुटायची कधी?’

एका शनिवारी सगळे मिशन पाहायला गेले. घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. मागे मिशन पीकचा डोंगर, पुढे पांढरं, साधं, जाड भिंतींचं चर्च. हे मूळ चर्च नव्हे. १८०९ मध्ये पुरं झालेलं मूळ चर्च २१ ऑक्टोबर १८६८ च्या भूकंपात कोसळलं. आज दिसतं ते जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून १९८५ मध्ये खुलं केलेलं. जुन्यापैकी उरलाय तो पाद्रींच्या इमारतीचा एक भाग. त्यात आता संग्रहालय आहे.

भिंतीचा एक तुकडा आतली माती दिसावी म्हणून उघडा ठेवला होता. आजी तिथे थबकल्या. माती, त्यात गवताच्या काड्या, उन्हात वाळवलेल्या जाडजूड विटा. “अगं, हे तर भेंडे!” त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी, देशावर, अशाच कच्च्या विटांचं घर होतं. चिखल तुडवायला घरची सगळी माणसं लागत हे त्यांना आठवत होतं.

“एवढा चिखल कोणी तुडवला?” नातीने विचारलं.

“इथल्या माणसांनी. ओलोनी लोकांनी.”

नात पुढे गेली. तिला सर्वांत आवडली ती वाद्यवृंदाची हकिगत. फादर नार्सिसो दुरान १८०६ मध्ये या मिशनवर आले आणि २७ वर्षं राहिले. त्यांनी ओलोनी आणि इतर जमातींच्या माणसांना व्हायोलिन, बासरी वाजवायला शिकवलं, तीस जणांचा वाद्यवृंद उभा केला. कोणत्या आवाजात गायचं ते कळावं म्हणून त्यांनी स्वरलिपीत वेगवेगळे रंग वापरले. नात स्वतः शाळेत व्हायोलिन शिकते. तिला कोण आनंद झाला!

“आजी, हे शाळेसारखंच आहे. सकाळी घंटा, मग प्रार्थना, मग खाणं, मग काम, मग म्युझिक...” ती बोटं मोजत होती. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर शेतात जायचं, घंटेवर झोपायचं. पाचही बोटं संपली तशी ती थांबली आणि म्हणाली, “मग शाळा सुटायची कधी? सुटायची घंटा कुठली?”

बाबा फोटो काढत होते. आजींनी नातीचा हात धरला आणि म्हणाल्या, “ती घंटा नव्हती बाळा.”

तिथून थोड्याच अंतरावर, वॉशिंग्टन बुलेव्हार्ड या रस्त्याच्या कडेला ओलोनींचं कब्रस्तान आहे. सहज कोणाच्या नजरेस न पडणारं. तिथे एक जुना दगड आहे. ओलोनी जमातीची चार हजार माणसं इथे निजली आहेत, त्यांनी पाद्रींना हे मिशन बांधायला मदत केली, त्यांची स्मृती पवित्र राहो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. नातीने तो मोठ्याने वाचला. दोनदा वाचला.

“मदत केली म्हणजे काय?” तिने विचारलं. “मी आईला पोळ्या लाटायला मदत करते, कारण पोळ्या आई करते. पण चिखल यांनी तुडवला, विटा यांनी केल्या. मग पाद्रींनी यांना मदत केली, असं हवं ना?”

यावर कोणाला चटकन काही सुचलं नाही. मग तिने विचारलं, “आणि यांची नावं कुठे आहेत?”

रात्रीची धुसफूस

घरी आल्यावर नातीने शाळेतून आणलेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलींना लग्न होईपर्यंत आईवडिलांपासून वेगळ्या खोलीत ठेवत आणि रात्री बाहेरून कुलूप लावत. तिने ते आजींना दाखवलं. “मी नऊ वर्षांची आहे,” एवढंच म्हणाली. त्या रात्री ती आपल्या खोलीत झोपायला तयार होईना. आजींच्या कुशीत शिरली, आणि खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं.

ती झोपल्यावर बाबांचा पारा चढला. “आई, नऊ वर्षांच्या पोरीला हे सगळं सांगायची काय गरज होती? चार फोटो चिकटवले असते, रिपोर्ट झाला असता.”

“मी काय सांगितलं? तिने वाचलं. तिने विचारलं. विचारल्यावर खोटं सांगू?”

“खोटं नको सांगू. पण सगळं आत्ताच कशाला? आणि आपण इथे बाहेरून आलेली माणसं. त्यांचा इतिहास, त्यांचं भांडण. आपली मुलगी वर्गात उभं राहून काहीतरी बोलणार, कोणाला तरी लागणार. तिच्या वर्गात कॅथलिक मुलं आहेत. हवंय कशाला?”

हे बोलणं वावगं नव्हतं. परदेशात घर केलेल्या माणसाला ही भीती असतेच. पाहुण्याने यजमानाच्या घरातली जुनी भांडणं काढू नयेत, असं त्याला वाटतं. शिवाय या विषयावर तिथल्या मोठ्या माणसांतही एकमत नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात, वसाहतींच्या काळात चर्चकडून मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. त्याच वर्षी त्यांनी हुनीपेरो सेरा यांना संतपदही दिलं. काहींना आनंद झाला, अनेक मूळ रहिवासी दुखावले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्याच्या वतीने मूळ रहिवाशांची माफी मागितली. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमधले सेरा यांचे पुतळे लोकांनी पाडले. मोठ्यांचा असा गोंधळ, तर मुलांना काय सांगायचं?

सुनेने मधला मार्ग काढला. “आई, तिला सांगा. पण ती घाबरून झोपणार नाही असं सांगा.”

बोलायला सोपं. आजी रात्रभर विचार करत राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पंचवीस वर्षं चौथीला इतिहास शिकवला होता. अफझलखानाचा वध शिकवताना मुलं टाळ्या वाजवत. ते सोपं असायचं. कोण आपलं, कोण परकं हे आधीच ठरलेलं असायचं. इथे काय सांगायचं? पाद्री वाईट होते? दुरान यांनी मनापासून संगीत शिकवलं हे खरं. ओलोनी बिचारे होते? बिचारे म्हटलं की माणूस लहान होतो. आणि एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. हे धर्माचं भांडण म्हणून नातीच्या डोक्यात बसता कामा नये.

वसईची आठवण

ती ठाऊक असायचं कारण वसई. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. तिथेही फ्रान्सिस्कन होते. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया पुढे फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्कन झाले, स्पॅनिश धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवण्यात आलं. १८६२ मध्ये ते संत झाले. पोर्तुगीजांच्या काळात वसईत, गोव्यात देवळं पाडली गेली, सक्तीही झाली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. आणि वसईचे ख्रिस्ती? ते तिथेच राहिले. आपापल्या बोलीत बोलत, वाड्यांतून केळी-भाजीपाला पिकवत, मराठीतून प्रार्थना म्हणत. आजींच्या शेजारणीचं लग्न चर्चमध्ये लागलं, पण हळदीची गाणी आजींना तोंडपाठ आहेत ती तिच्याकडून.

म्हणून सकाळी न्याहारीच्या वेळी आजींनी सुरुवात तिथून केली. “आपली शेजारची मावशी आहे ना वसईची, नाताळात तुला करंज्या देणारी? तिचा देव आणि त्या चर्चमधला देव एकच. देवाचं नाव घेतलं म्हणून कोणी वाईट होत नाही. पण कोणाला घरी जायला बंदी केली, तर ती करणाऱ्याने ती देवाच्या नावाने केली म्हणून चांगली होत नाही. एवढं लक्षात ठेवायचं.”

नातीने मान हलवली. पण तिचा प्रश्न अजून होताच. “कोणीच घरी गेलं नाही?”

“गेले की!” आजी म्हणाल्या. रात्री त्यांनी पुस्तक वाचून ठेवलं होतं. त्यांनी कुकुनुचीची गोष्ट सांगितली.

कुकुनुची हा योकुत्स जमातीचा. मिशन सॅन होजेमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव पडलं एस्तानिस्लाओ. हुशार, घोड्यावर पक्का. मिशनने त्याला आपल्या माणसांचा मुकादम नेमलं. १८२८ मध्ये तो परवानगीने आपल्या मुलखात गेला आणि परतलाच नाही. ‘आम्ही येत नाही, तुमच्या सैनिकांना भीत नाही’ असा निरोप त्याने फादर दुरान यांना धाडला. त्याच्याभोवती शेकडो माणसं जमली. १८२९ मध्ये मारियानो वायेहो तोफ घेऊन त्याच्यावर चालून गेला. जंगल पेटवलं, बरीच माणसं मारली गेली. एस्तानिस्लाओ निसटला. आणि गेला कुठे? मिशन सॅन होजेलाच. फादर दुरान यांनी त्याला आसरा दिला आणि सरकारकडून त्याच्यासाठी माफी मिळवली.

“तेच फादर? व्हायोलिनवाले?”

“तेच.”

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ते चांगले पण होते आणि घरी पण जाऊ देत नव्हते.”

पंचवीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईंना यात सुधारण्यासारखं काही वाटलं नाही.

“तू मॉडेस्टोला जाताना नदी बघतेस ना, स्टॅनिस्लॉस? ते त्याचंच नाव,” बाबा म्हणाले. ते दारात उभं राहून ऐकत होते. इतकी वर्षं त्या पुलावरून ते गाडी नेत होते. नाव कोणाचं हे त्यांनाही काल रात्रीच कळलं होतं.

टोपली विणणाऱ्या बाई

“आणि बाकीचे?” नातीने विचारलं. “ते सगळे मेले?”

इथे आजींनी लपवलं नाही. गोवर आणि इतर साथींत फार माणसं गेली, हे सांगितलं. १८०६ च्या एका गोवराच्या साथीत खाडीकाठच्या मिशनांतली शेकडो माणसं दगावली. पुढे मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, १८३३ नंतर मिशनं मोडली. त्यांच्या जमिनी ओलोनींना परत मिळायच्या होत्या, पण बहुतेक बड्या जमीनदारांनी घेतल्या. त्यानंतर अमेरिकेचं राज्य आलं, सोनं सापडलं, आणि मूळ रहिवाशांना उघड उघड मारण्यात आलं. १७६९ च्या आधी कॅलिफोर्नियात अंदाजे तीन लाख मूळ रहिवासी होते. १९०० च्या सुमारास ते वीस हजारांच्या आसपास उरले. १९२५ मध्ये एका नामांकित मानववंशशास्त्रज्ञाने तर ओलोनी नामशेष झाले असं पुस्तकात लिहून टाकलं.

“पण,” आजी म्हणाल्या, “ऑक्टोबरात आपण कोयोटी हिल्सला गेलो होतो. तिथे टोपली विणणाऱ्या बाई आठवतात?”

कोयोटी हिल्स हे फ्रीमाँटचंच मोठं उद्यान. शेकडो वर्षं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा तिथे ढीग आहे, ओलोनींच्या जुन्या वस्तीची खूण. दर ऑक्टोबरात तिथे ओलोनी लोकांचा मेळावा भरतो. हे घर सहल म्हणून गेलं होतं. ओकच्या फळांचा कडवटपणा काढायला पीठ पुन्हा पुन्हा पाण्याने धुतात हे पाहून आजींना आपल्या कडव्या वालांची आठवण झाली होती. ते भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, तेव्हा कुठे बिरडं. आणि टोपली विणणाऱ्या एका बाईंजवळ नात अर्धा तास बसून राहिली होती.

“त्या ओलोनी?” तिचे डोळे मोठे झाले. “पण ओलोनी जुन्या काळातले ना?”

“त्यांच्या पणजीच्या पणजीने त्या विटांचा चिखल तुडवला असेल.”

ओलोनी आहेत. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी दुकानदार. अनेक कुटुंबं आजही कॅथलिक आहेत. त्यांची चोचेन्यो ही बोली अस्खलित बोलणारी माणसं १९३० च्या दशकापर्यंतच होती. त्या काळात एका भाषातज्ज्ञाने त्यांच्याकडून शब्द उतरवून घेतले. त्या कागदांवरून त्यांची पतवंडं आता ती पुन्हा शिकताहेत. केंद्र सरकारने त्यांना जमात म्हणून अजून मान्यता दिलेली नाही, त्यासाठी मुवेक्मा ओलोनी वर्षानुवर्षं झगडताहेत.

हे ऐकताना नातीच्या चेहऱ्यावरची आदल्या रात्रीची भीती ओसरत गेली, हे सुनेच्या लक्षात आलं. मुलांपासून वाईट गोष्टी दडवल्या की ती सुरक्षित राहतात, असं आपल्याला वाटतं. पण अर्धवट कळलेली गोष्टच मुलाला जास्त भिववते. कुलूप लावलेली खोली त्याच्या मनात तशीच कुलूपबंद राहते. त्या खोलीतल्या मुलींच्या नाती-पणत्या आज टोपल्या विणताहेत हे कळलं, म्हणजे ती खोली खोटी होत नाही, तिचं दार मात्र उघडतं.

एक प्रश्न नातीने बाबांसाठी राखून ठेवला होता. “कुकुनुचीचं नाव बदललं. माझं पण शाळेत बदललंय. टीचर अर्धंच म्हणतात.”

बाबा हसले, मग विचारात पडले. “तुला आवडत नसेल तर सांग, उद्या टीचरना सांगू. त्या पूर्ण म्हणतील.” मग म्हणाले, “त्याला हे सांगता येत नव्हतं. फरक तो आहे.”

दोन गावं

मग मॉडेल झालंच, पण साखरेचं नव्हे. नातीने एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन गावं केली. एकीकडे ओरोयसोम. आजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या खराट्याचे हीर मोडून तिने झोपड्या बांधल्या. आक्रोडाच्या अर्ध्या टरफलांच्या होड्या, शेजारी शिंपल्यांचा ढीग. दुसरीकडे मिशन. आजी आणि नातीने परसात बसून माती भिजवली, सुकलेलं गवत कुस्करून घातलं आणि आगपेटीएवढे भेंडे उन्हात वाळत घातले. चाळीस भेंडे करायला दोन दुपारी लागल्या, हात फुटले. “खऱ्या चर्चला किती लागले असतील?” नातीने विचारलं आणि स्वतःच म्हणाली, “नको, मोजायला नको.”

मिशनच्या अंगणात व्हायोलिन घेतलेली कागदी माणसं उभी राहिली, आणि एक पाद्रीही. मुलींच्या खोलीला दार होतं, त्याला चिमुकलं कुलूप काढलं. दोन्ही गावांच्या मध्ये रस्ता. त्यावर माणसं मिशनकडे चालली होती. एकच जण उलट्या दिशेने, घोड्यावर. सगळ्या माणसांच्या पायाशी तिने छोट्या पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर कुकुनुची, एकीवर फादर दुरान. बाकीच्या कोऱ्या. “नावं कळली की लिहीन,” ती म्हणाली.

वर्गात ठेवायच्या आदल्या रात्री बाबांनी मजकुराचा कार्ड वाचायला घेतला. इंग्रजीच्या चुका तपासायला, असं ते म्हणाले. पहिल्या ओळीत नातीने दगडावरचाच शब्द उतरवला होता, ओलोनींनी मदत केली. मग तो पेन्सिलीने खोडून वर लिहिलं होतं: हे मिशन ओलोनी माणसांनी बांधलं. त्याखाली: दिवसभर घंटा वाजायची. घरी जायची घंटा नव्हती. आणि शेवटी: ओलोनी लोक अजून फ्रीमाँटमध्ये राहतात. आम्ही पण.

बाबांनी काही बदललं नाही. खोडलेला शब्द तेवढा रबराने नीट पुसून दिला.